बादली पडली की आई येते

मी खारघरच्या बागेतलं पाण्याचं घड्याळ बोलतोय. मला ना सेल लागतो, ना चावी. वरच्या नळातून धार येते, माझी तांब्याची बादली भरते, भरली की धप्पकन कलंडते आणि काटा एक घर पुढं सरकतो. एवढाच माझा संसार.

कॉलेजच्या पोरांनी मला बनवलं. फीत कापली तेव्हा फोटोला काय गर्दी! मग लोक मोबाईल काढून माझी वेळ तपासायला लागले, आणि हसायला लागले. संध्याकाळी सोसायट्यांच्या टाक्या भरतात, माझी धार बारीक होते, मी मागं पडतो. त्यात माझी काय चूक? हळूहळू चिखलाच्या चपला धुवायलाच लोक माझ्याकडं यायला लागले. माळी हिरामणकाका तेवढे माझं शेवाळ खरवडून काढायचे.

मग उज्वला आली. तिची तीन वर्षांची संघमित्रा आईची ओढणी सोडायची नाही. आई नजरेआड झाली की रडून रडून उलटी करायची. सोमवारपासून तर बालवाडी. पोर अशीच रडली तर बाई घरी पाठवतील, या काळजीनं उज्वलाचा घास उतरत नव्हता.

तिनं लेकीला माझ्यासमोर बसवलं. "बादली पडली की आई येते," म्हणाली आणि गेटबाहेर गेली. पोर हुंदके देत माझ्याकडं बघत राहिली. धप्प! आई हजर. मग रोज तसंच. मी एवढा मन लावून कधी भरलो नव्हतो.

रविवारी मात्र धार अगदीच बारीक. बादली भरता भरेना. गेटबाहेर उज्वलाचा जीव टांगणीला. हिरामणकाका म्हणाले, "ताई, पोर मजेत हाय. तुमीच जरा पाणी प्या." पण तिला कुठलं राहवतंय? आली धावत आत.

संघमित्रा वाळूत घर बांधत होती. तिनं आधी आईकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आई, बादली कुठं पडलीय अजून? जा ना तू."

उज्वलाला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही थांबेना. पण ती खरंच परत बाहेर गेली. मग मीही काही घाई केली नाही. सावकाश भरलो.

आता बालवाडी सुटली की दोघी इथं येतात. बाकीच्या आयाही हाच खेळ करतात, झोपाळ्याची पाळीसुद्धा माझ्या बादलीवर चालते. तुम्ही आलात तर मोबाईल खिशातच ठेवा. लेकराला माझ्यासमोर बसवा, गेटपर्यंत जा. मी आहे इथं. बादली पडली की या.