दीड हात लाल दोरी

“पळतोय का दळतोय, तेच कळंना झालंय,” ज्योतीराम तोंडातल्या तोंडात पुटपुटले.

हे फक्त मी ऐकलं. मी त्यांच्या टी-शर्टच्या गळ्याशी चिमट्याने लटकलेली होते. इतक्या जवळून माणसाचं बरंच काही ऐकू येतं. श्वास येतो, छातीचा ठोका येतो आणि घरच्यांपासून लपवलेली कुरकूरही येते.

मित्रांनो, मी एका जुन्या ट्रेडमिलची चावी आहे. चावी म्हटल्यावर तुम्ही कुलूप शोधाल, पण मला कुलूप नाही. ट्रेडमिल म्हणजे जागच्या जागी पळायचं मशीन. त्याचा पट्टा खालून सरकतो आणि माणूस वरून पळतो, पण दोघंही कुठे जात नाहीत. माझं डोकं म्हणजे एक लाल टोपी, तिच्यात लोहचुंबक. ती मशीनला चिकटली की पट्टा फिरतो. टोपीला दीड हात लाल दोरी आहे आणि दोरीच्या टोकाला चिमटा. तो पळणाऱ्याच्या कपड्याला लावायचा. माणूस घसरला, मागे गेला, की दोरी ताणली जाते, टोपी सुटते आणि पट्टा जागीच थांबतो. माझं सगळं काम एवढंच. माणूस पडायच्या आत थांबवणं.

माझा जन्म भोसरीतल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये झाला. साच्यातून आम्ही चोवीस टोप्या एकदम बाहेर पडलो. चिमाबाई नावाच्या मावशी ब्लेडने आमच्या कडा साफ करायच्या. मला हातात घेऊन त्या म्हणाल्या, “ही जरा वाकडी हाय, पर बसंल.” मी बसले. थेरगावात डांगे चौकाजवळ गणराजची व्यायामशाळा होती. त्याच्या मशीनची मूळ चावी कुणीतरी खिशात घालून नेली होती, म्हणून मी आले. म्हणजे मी डुप्लिकेट. त्याची मला लाज नाही. मापात बसलं आणि काम केलं, की भोसरीत त्याला माल म्हणतात.

व्यायामशाळेत माझी टोपी सगळे लावत, चिमटा मात्र कुणीच लावत नसे. तो हँडलला गुंडाळून ठेवत. एकदा प्रज्वल नावाच्या मुलाने नव्या टी-शर्टचा फोटो काढायचा म्हणून चिमटा लावला आणि फोटो काढता काढताच त्याचा पाय घसरला. मी सुटले, पट्टा थांबला, मुलाचे दात वाचले. गणराजने मला पुसलं, सगळ्यांना दाखवलं. “हिला म्हणतात चावी!” पुढे दोन दिवस सगळे चिमटा लावून पळाले. तिसऱ्या दिवशी विसरले. कौतुकाचं आयुष्य मला तेव्हाच कळलं.

मग व्यायामशाळा बंद झाली. मशीन एका टेम्पोत चढलं, मी त्याला चिकटून, आणि आम्ही संत तुकाराम नगरात दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरात आलो. ते ज्योतीरामांचं घर.

ज्योतीराम मूळचे औश्याकडचे. तीस वर्षं झाली इकडे येऊन. चाकणच्या एका कंपनीत ते स्टोअरमध्ये आहेत. त्यांची बायको साधना शिवणकाम करते आणि मुलगी वर्षाली हिंजवडीत नोकरीला जाते. मशीन वर्षालीनेच आणलं होतं. मशीन का आणलं, याचं प्रत्येकाकडे एकेक कारण होतं.

साधना म्हणायची, “बाहेर धूर किती असतो! त्यात रस्ते सगळे खणून ठेवलेत.”

वर्षाली म्हणायची, “पप्पा, याचा पट्टा मऊ असतो. गुडघ्यांना बरं.”

शेजारच्या सुमनताई म्हणाल्या, “आणि कुत्री? परवा आमच्या यांच्या मागे लागली होती.” त्या नुसतं बघायला म्हणून आल्या आणि साडीचा पदर खोचून मशीनवर चढल्याही. चारच पावलं चालल्या असतील. “गं बाई, हे पळतंय की! थांबव, थांबव!” म्हणून ओरडल्या, तेव्हा वर्षालीने मला उपटलं. त्यानंतर त्या मशीनला लांबूनच नमस्कार करत.

धूर खरा होता, खड्डे खरे होते, कुत्रीही खरी होती. पण ती वीस वर्षांपूर्वीही होती, आणि ज्योतीराम वीस वर्षं रोज पहाटे वल्लभनगरच्या एसटी स्टँडपर्यंत पळत जाऊन येत होते. हे मला त्यांच्या बुटांनी सांगितलं. ते मशीनखाली राहत. रस्त्यावरचे बूट असल्यामुळे त्यांना जरा ताठा होता. “तुझ्या पट्ट्याला ना चढ ना उतार,” ते म्हणायचे. “रस्ता पायाला उत्तर देतो. तुझं मशीन नुसतं ऐकून घेतं.” मशीनला वाईट वाटायचं. “मी कुणाला ठेच तरी लागू देत नाही,” ते म्हणायचं. तेही खरंच होतं.

“मग तुमचं नाक का फाटलंय?” मी बुटांना एकदा विचारलं. उजव्या बुटाचा पुढचा भाग उलला होता.

मित्रांनो, हॉलमध्ये राहिलं की सगळं दिसतं. साधना जेवताना पाण्याचा पेला ज्योतीरामांच्या बरोबर समोर ठेवायची आणि ठेवताना ताटावर हलकेच वाजवायची. पेला बाजूला ठेवला की सांडायचा. फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या मागे, एक छोटी बाटली होती. रोज रात्री जेवणानंतर ज्योतीराम स्वयंपाकघरात जाऊन मान वर करून उभे राहत, तेव्हा साधना आणि वर्षाली दोघी टीव्हीकडे फार लक्ष देऊन बघत. त्या बाटलीला घरात “पप्पांचं औषध” म्हणत. कशाचं, ते कुणी म्हणत नसे.

तुम्हाला मी सांगून टाकते. ज्योतीरामांना समोरचं स्वच्छ दिसायचं. बाजूचं आणि पायाखालचं दिसेनासं होत चाललं होतं. मशीनवर काहीच अडत नव्हतं, कारण आकडे बरोबर समोर असतात आणि बाजूने कुणी येत नाही. त्यामुळे ते मशीनवर झकास पळत. रोज पाच किलोमीटर, श्वास न चुकता. बघणाऱ्याला वाटावं, या माणसाला काय झालंय? आणि सगळ्यांना तेच वाटून घ्यायचं होतं.

जानेवारीत त्यांच्या कंपनीची दौड असते. गेटपासून पाच किलोमीटर. ज्योतीराम एकोणीस वर्षं न चुकता पळालेले. डिसेंबरातल्या एका बुधवारी त्यांचा दोस्त सयाजी दौडीचा टी-शर्ट घेऊन घरी आला. सयाजी राजगुरुनगरचा, मोठ्या आवाजाचा, मोठ्या पोटाचा.

“घे, विसावा टी-शर्ट! यंदा तुला हरवणार बघ, भावा.”

“यंदा न्हाई जमायचं, सयाजी,” ज्योतीराम म्हणाले. “गुडघा दुखतोय.”

साधना लगेच म्हणाली, “हो ना, फार दुखतो.”

वर्षालीने चहाच्या कपात पाहिलं.

मी हँडलला लटकलेली होते. मित्रांनो, मी रोज त्या माणसाच्या छातीवर असते. त्यांचा गुडघा कधी कुरकुरला नव्हता, कुरकुरत होतं ते दुसरंच काही. सयाजी टी-शर्ट टीपॉयवर ठेवून गेला. रात्रभर तो तिथेच घडी घातलेला पडून होता, कुणी उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. त्यांच्या कंपनीची सुट्टी गुरुवारी असते, आणि आमच्या भागात लाइटही बहुतेक गुरुवारीच जाते. ज्योतीराम निवांत आठला मशीनवर चढले. त्या दिवशी त्यांनी वेगाचा आकडा वाढवला, पुन्हा वाढवला. छातीचा ठोका मला कधी नव्हे इतका जोरात लागत होता. आणि फट्‌दिशी लाइट गेली. पट्टा थांबला. ज्योतीराम थांबले नाहीत. पट्ट्यावरून उतरले, दार उघडलं आणि जिना उतरून तडक रस्त्यावर गेले.

मशीनला चिकटलेली माझी टोपी सुटून खाली लोंबत होती. त्यांना ते कळलं नाही. खालचं त्यांना दिसत नव्हतं ना.

अशी मी आयुष्यात पहिल्यांदा बाहेर आले.

काय सांगू! आधी वारा लागला. मशीनवर वारा नसतो, पंखा असतो. मग एका गालावर ऊन, वळण घेतलं की दुसऱ्या गालावर. गाड्यावरच्या पोह्यांचा वास, मग डिझेलचा, मग कुणाच्या तरी खिडकीतल्या फोडणीचा. मशीनवर पाच किलोमीटर पळलं तरी खोलीत तेच कॅलेंडर राहतं. इथे शंभर पावलांत चार माणसं बोलली. “काय भाऊ, लई दिवसांनी!” पानवाला म्हणाला. “गावाला गेलता व्हय?” ज्योतीरामांनी हात वर केला. त्यांचा श्वास मशीनवर असतो तसा एकसारखा नव्हता, कधी तुटत होता, कधी लांबत होता. पण कुरकूर एकदाही आली नाही. समोरून एसटी आली. “औसा गाडी!” ते मोठ्याने म्हणाले. “आज टायमावर!” बूट खालून ओरडले, “बघ! मी म्हटलं नव्हतं?”

आणि तेवढ्यात डाव्या बाजूला फुटपाथवर मांडलेल्या कोथिंबिरीच्या जुड्यांवर त्यांचा पाय पडला. क्रेट उलटलं. ते गुडघ्यांवर आले, हातावर सावरले.

“दिसत न्हाई का रं?” भाजीवाल्या छबूबाई कडाडल्या. “एवढा बापय माणूस, पायाखाली बघून चालावं!”

ज्योतीराम खाली बसून जुड्या गोळा करायला लागले. समोरच्या जुड्या झटकन उचलल्या. एक जुडी त्यांच्या डाव्या पायाशी पडली होती. ती ते हाताने चाचपत राहिले, दोन वेळा तिच्या शेजारून हात गेला. छबूबाईंनी ते पाहिलं. तोंड उघडलेलं तसंच मिटलं. मग त्यांनी स्वतः ती जुडी उचलली आणि म्हणाल्या, “राहू दे बाबा. कोथिंबीरच हाय.”

मित्रांनो, न बोलणाऱ्यांत आणखी एक माणूस वाढलं.

वर्षाली धावत आली. ऑफिसचे कपडे, पायात घरातली स्लीपर. वरून आईने पाठवलं होतं. बापाच्या तळहाताला खरचटलेलं तिने पाहिलं आणि मला पाहिलं. “चावी घेऊनच आलात होय, पप्पा!” ती हसली. डोळे हसले नाहीत.

“कुठाय?” ते म्हणाले.

तिने लोंबणारी माझी टोपी उचलली. माझा चिमटा त्यांच्या गळ्यावरून काढून त्यांच्या हातात दिला. टोपी स्वतःच्या मुठीत ठेवली. मध्ये दीड हात मी. “चला,” ती म्हणाली, “घरापर्यंत.” ती सावकाश पळायला लागली. डावीकडे खड्डा आला की ती मला हळूच उजवीकडे ओढायची आणि म्हणायची, “इकडून पप्पा, तिथं चिखल आहे.” डिसेंबरात कुठला चिखल! पण ते वळायचे. तीन वळणांनंतर तिला बोलावंही लागलं नाही. नुसतं ओढलं की पुरे.

त्यानंतर आम्ही रोज जायला लागलो. वर्षालीने स्वतःला बूट घेतले. ती दमायची, वाकून पोट धरायची. कुणी विचारलं, “ही दोरी कशाला गं?” तर ती सांगायची, “मी मागे पडते ना, म्हणून पप्पा मला ओढत नेतात.” ज्योतीराम ऐकून घ्यायचे. त्यांची मूठ मात्र चिमट्यावर घट्ट व्हायची. ती मला कळायची. वर्षालीला हिंजवडीला लवकर निघायचं असेल त्या दिवशी ते घरी मशीनवर पळतात. तेव्हा मी पुन्हा गळ्याशी. मशीन खूश होतं, कारण त्याच्यावर आता कुणी रागाने चढत नाही. रस्ता चांगला की मशीन, हे भांडण बूट अजून काढतात. मी दोन्हीकडे जाऊन आले आहे, म्हणून मी त्यात पडत नाही. मशीन जपतं आणि रस्ता ओळख ठेवतो. माणसाला दोन्ही लागतं.

मित्रांनो, जुन्या चावीचं एक मागणं आहे. मशीनवर पळाल तेव्हा माझी टोपी चिकटवून चिमटा हँडलला गुंडाळून ठेवू नका. दोरीला दोन टोकं असतात, त्यातलं एक माणसाला लावायचं असतं. घरातही तसंच.

आता दौडीची सकाळ. चाकणच्या त्या कंपनीचं गेट, लाउडस्पीकर, फुगे, आणि पाचेकशे एकसारखे टी-शर्ट. ज्योतीराम विसावा टी-शर्ट घालून उभे. त्यांच्या मुठीत माझा चिमटा, वर्षालीच्या मुठीत टोपी. साधना हातात थर्मास धरून शेजारी. सयाजीने आम्हाला पाहिलं आणि गर्दीतून ढुशा देत आला.

“आरं भावा! आलास का! आन् हे काय? लेकीनं दाव्याला बांधून आणला व्हय तुला?”

आजूबाजूचे खो खो हसले.

“नाही काका,” वर्षाली म्हणाली, “मीच मागे पडते ना, म्हणून पप्पा मला—”

“आणि यांचा गुडघा—” साधनाने सुरुवात केली.

माझी दोरी ताणली गेली. या खेपेला ज्योतीरामांनी ओढली होती. वर्षाली थांबली. साधनाही थांबली. ज्योतीरामांनी पूर्ण मान वळवून सयाजीला बरोबर समोर घेतलं.

“गुडघा ठणठणीत हाय, सयाजी,” ते म्हणाले. “डोळ्याचं हाय. काचबिंदू म्हणतात. बाजूचं न्हाई दिसत मला, खालचं बी न्हाई दिसत. ही लेक मला वाट दावतीय.”