हाशियावरची चंद्रभागाबाई

पाशामियाँनी पुस्तक उघडं धरून झटकलं, तेव्हा त्यातून चार-सहा तांदूळ सतरंजीवर पडले. कुंकवात घोळलेले.

त्यांनी ते एकेक करून वेचले आणि कुठे ठेवावेत हे न सुचल्याने दौतीशेजारी ठेवले. बीडच्या सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, फारसी शिकवायला लागून त्यांना सतरा वर्षं झाली होती. एवढ्या काळात मुलांच्या पुस्तकांतून मोरपीस निघालं होतं, चिंचोके निघाले होते, एकदा वाळून कडक झालेला विंचूही निघाला होता. अक्षता पहिल्यांदाच निघत होत्या. पुठ्ठ्यावर हळदीची दोन बोटंही उमटली होती. बाकी पुस्तक मात्र, कबूल करायला हवं, मुलांच्या हाती सहसा राहत नाही इतकं नीट राहिलं होतं.

अमरदाद महिना लागला होता, म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी संपली होती, आणि पाशामियाँच्या, म्हणजे मुलांच्या मौलवीसाहेबांच्या, ओसरीवर अकरा पुस्तकांची चळत येऊन पडली होती. दर उन्हाळ्यात ते वरच्या वर्गातल्या अकरा होतकरू मुलांना फारसी हिकायतींचं, छोट्या बोधकथांचं, एकेक पुस्तक देत. सुट्टीत ते वाचायचं आणि जिथे मन अडेल तिथे हाशियात, म्हणजे पानाच्या कडेच्या कोऱ्या जागेत, आपल्या अकलेने टिपण लिहायचं. टिपणं पाहून पाच मुलं खास जमातीत, निवडक मुलांच्या वर्गात, घ्यायची. खास जमातीतला मुलगा पुढे औरंगाबादच्या कॉलेजात जाई. बाकीचे जिथून आले होते तिथे जात.

'आपल्या अकलेने' हे शब्द पाशामियाँ दरवर्षी दोनदा उच्चारत. आणि दरवर्षी सगळे हाशिये राधाकिशनच्या अकलेने भरून येत. राधाकिशन हा त्यांचा पहिल्या वर्षीचा विद्यार्थी. तो आता तहसिलात अहलकार, म्हणजे कारकून, होता, त्याला पोटही सुटलं होतं, पण त्याची वही बीडमध्ये अजून हातोहात फिरत होती. खरं तर त्या वहीत राधाकिशनचीही अक्कल नव्हती. पाशामियाँनी तेविसाव्या वर्षी, नव्या शेरवानीत घामाघूम होत जे जे सांगितलं, ते त्याने इमानाने उतरून घेतलं होतं. तेव्हा दर उन्हाळ्याअखेर पाशामियाँ स्वतःलाच अकरा वेळा वाचत आणि स्वतःशी सहमत होत.

यादी जवळजवळ तयार होती. चार नावं लिहून झाली होती. पाचवं सुंदररावचं, वकिलांच्या मुलाचं. त्याने हाशियात अडलेला शब्द काळ्या आणि त्याचं टिपण तांबड्या शाईने अशी सोय केली होती, आणि अक्षराचं वळण असं, की न वाचताच पास करावं. सदर मुदर्रिसांचा, म्हणजे मुख्याध्यापकांचा, शिपाई बंकट चार वाजता यादी न्यायला येणार होता.

उरला होता हा नेकनूरचा आसाराम. टिपणं उर्दूत किंवा फारसीत असावीत असा दंडक होता आणि याची निम्मी मराठीत होती. म्हणजे प्रश्न मिटला. मुलगा निवडला गेला नाही तर बापाने त्याला पटवाऱ्याचं दप्तर उचलायला लावायचं ठरवलं होतं, हेही पाशामियाँना ठाऊक होतं. त्याला इलाज नव्हता. पुस्तक बाजूला ठेवायच्या आधी त्यांनी सवयीने डाळिंबाच्या हिकायतीचं पान तेवढं काढलं.

हिकायत लहानशी होती. बादशहा शिकारीहून येताना एका माळ्याच्या बागेत थांबतो, डाळिंब खातो, खूष होतो आणि म्हणतो, हेच झाड माझ्या बागेला हवं. दुसऱ्या दिवशी माळी ओल्या फडक्यात गुंडाळलेली बोटभर जाडीची एक काडी घेऊन दरबारात हजर होतो. बादशहा हसतो आणि ती लावायला सांगतो. एवढंच. यावर राधाकिशनच्या वहीत, आणि म्हणून सतरा वर्षांच्या एकूणएक हाशियांत, एकच टिपण होतं: 'माळी कद्रू आहे. लहान माणसाचं देणंही लहान.'

आसारामच्या हाशियात पेन्सिलीने लिहिलं होतं: 'चंद्रभागाबाई म्हणते, माळ्याने झाड दिलं. मौलवीसाहेबांचा अर्थ वेगळा आहे असं मी तिला सांगितलं. ती हसली.'

पाशामियाँनी चष्मा काढून पुसला. टिपण तेच राहिलं.

मुलगा बाहेर लिंबाखाली उभाच होता. निकाल कळेपर्यंत हलायचं नाही अशा बेताने तो पहाटेच नेकनूरहून चालत आला होता. हाक मारल्यावर तो ओसरीच्या कडेशी येऊन उभा राहिला आणि त्याची नजर आधी दौतीशेजारच्या तांदळांवर गेली. मग तो जमिनीकडे पाहू लागला.

"ही चंद्रभागाबाई कोण?"

"चुलती हाय जी माजी."

"वाचता येतं तिला?"

"न्हाई जी."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सुट्टी लागली तशी आसारामने पुस्तक घरी नेलं, तर चुलतीने ते हातातून काढून घेऊन आधी पाटावर ठेवलं. तिच्या लेखी एवढं जाड पुस्तक म्हणजे पोथी, आणि पोथी कोपऱ्यात बसून एकट्याने वाचायची नसते. रोज दिवस कलला की मारुतीच्या पारावर बैठक भरू लागली. आसारामने फारसी वाचायची, मग मराठीत अर्थ सांगायचा, आणि त्यावर लोकांनी बोलायचं. शहादेव पाटलाला प्रत्येक बादशहात खोट दिसे. चाँद पिंजाऱ्याला फारसीचं अक्षर कळत नव्हतं, पण मूळ वाचन चालू असताना सगळ्यात जास्त मान तोच डोलवी. ज्या ओळीवर पारावर भांडण होई, ती ओळ अडली असं समजून आसाराम तिथे टिपण लिही. भांडण मराठीत झालेलं, म्हणून टिपणही मराठीत. राधाकिशनची वही त्याने मागितली होती, पण सुंदररावने ती सुट्टीभर दिली नाही. डाळिंबाचा अर्थ तेवढा साऱ्या मदरशाला तोंडपाठ होता, म्हणून त्यालाही ठाऊक होता. शेवटची हिकायत झाली त्या दिवशी चुलतीने रीतसर समाप्ती केली, पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं आणि सगळ्यांना गूळ-खोबरं वाटलं. त्यात तांदूळ राहून गेले असतील. चूक झाली.

पाशामियाँनी हात वर करून त्याला थांबवलं.

"ती हसली, असं लिहिलंयस. कावून हसली?"

 मौलवीसाहेबांचा अर्थ चुलतीला पटला नाही, हे आसारामला आता मौलवीसाहेबांनाच सांगायचं होतं, आणि पाचवी जागा अजून कोरी होती.

"आमच्या हिरीवर डाळिंबं हायती जी. चुलतीच बघती ती. ती म्हनली, तुमच्या मौलवीसाहेबांनी डाळिंब निस्तं खाल्लेलं दिसतंय." तो थांबला. बोलून गेला होता, आता मागे घेता येत नव्हतं. "डाळिंबाच्या मुळापाशी फुटवा येतो. बी लावलं तर कसं निघंल सांगता येत न्हाई. फुटवा काढून लावला तर तेच झाड, तीच गोडी. मोठं झाड उपटून नेलं असतं तर बादशाला सरपन मिळालं असतं, म्हनली. जे मागितलं तेच दिलं त्यानं. नेता येईल असं दिलं."

 पाशामियाँनी मुलाला लिंबाखाली जाऊन बसायला सांगितलं.

अंगणात त्यांच्या पत्नी हमीदाबी डाळिंबाच्या आळ्यात भांडी विसळलेलं पाणी ओतत होत्या. ते झाड अंगणात होतं, एवढंच पाशामियाँना झाडाविषयी ठाऊक होतं. दरवर्षी त्याचं पहिलं फळ हमीदाबी कोणाला न देता, भिंतीकडे तोंड करून, एकट्याच खात. नवऱ्याला ही सवय थोडी कद्रूपणाची वाटे, पण संसारात एवढं चालवून घ्यावं लागतं म्हणून ते कधी बोलले नव्हते.

"ये झाड कहाँ का है?" त्यांनी विचारलं.

हमीदाबींनी भांडं खाली ठेवलं. लग्नाला अठरा वर्षं होऊन गेल्यावर हा प्रश्न आला होता.

"धारूर का. अम्मा के घर का. गीले टाट में लपेट को आपकी गोदी में च तो रखी थी मैं. शेरवानी भीगी बोलके बीड तक बड़बड़ाते आए."

पाशामियाँना शेरवानी आठवली. मांडीवरचा गारवाही आठवला. तो कशाचा होता हे बघायचं राहून गेलं होतं.

"और वो अम्मा वाला?"

"सूख गया ना, अम्मा गए उसी साल." त्यांनी खोडावरचा वाळका तुकडा नखाने काढला. "सूखा तो क्या हुआ. ये वोच है."

त्यांनी भांडं उचललं आणि त्या आत गेल्या. 

बंकट शिपाई आला तेव्हा यादीतली पाचवी जागा तशीच होती. पाशामियाँनी त्याला बसवून पाणी दिलं आणि लेखणी बुडवली. सुंदररावचं अक्षर फार सुंदर होतं, पण सुंदरराव म्हणजे पाशामियाँच होते. तसे वरचे चौघेही पाशामियाँच होते. पण पाचही जागा स्वतःच घेतल्या तर ते बरं दिसलं नसतं. त्यांनी आसारामचं नाव लिहिलं. दंडकाविषयी सदर मुदर्रिस विचारतील, तेव्हा काय सांगायचं ते उद्या बघू असं ते मनाशी म्हणाले, आणि यादीची घडी करून बंकटच्या हातात दिली.

मग त्यांनी स्वतःची जुनी प्रत काढली. डाळिंबाच्या पानाचा हाशिया काठोकाठ भरलेला होता. तेविसाव्या वर्षी त्यांनी तिथे कोणाला बोलायला जागाच ठेवली नव्हती. त्यांनी दौतीशेजारचे तांदूळ चिमटीत घेऊन त्या पानात ठेवले आणि पुस्तक मिटलं.

आसारामला परत बोलावलं, तेव्हा त्याच्यापुढे एक दुसरं पुस्तक होतं, आधीच्यापेक्षा जाड, हमीदाबींच्या धुतलेल्या ओढणीच्या तुकड्यात बांधलेलं. खास जमातीतल्या मुलांखेरीज ते कोणाच्या हाती जात नसे, हे साऱ्या मदरशाला माहीत होतं. आसारामने ते दोन्ही हातांनी घेतलं. काय घडलं ते त्याच्या चेहऱ्यावर यायला थोडा वेळ लागला.

"जुम्म्याच्या सुट्टीला घरी ने," पाशामियाँ म्हणाले.

"जी. परत कधी आणू?"

पाशामियाँनी दौतीचं झाकण लावलं.

"समाप्ती झाल्यावर."