अर्धी सुई

सुईला टोक नव्हतं. नेढं होतं, नेढ्यात हातभर निळा दोरा होता, नेढ्याखाली बोटाच्या पेराएवढी चकचकीत कांडी होती, आणि त्यापुढे… पुढे काहीच नव्हतं, कांडी तिरकी तुटून तिथेच संपली होती, आणि विनिता ती खिडकीच्या उजेडात धरून बघत राहिली, जरा वेळ दिला तर उरलेली सुई आपणहून उगवेल असं वाटून.

ती काही उगवली नाही. सुया काय, तुटतात, पाकीटभर सुया दहा-वीस रुपयांना मिळतात – पण एक अर्धी हातात आहे म्हणजे दुसरी अर्धी कुठेतरी असणारच, आणि ही हातातली सापडली होती ती गोधडीच्या घडीवर, आणि गोधडी होती सव्वा महिन्याच्या पोरीची, आणि त्या पोरीचं बारसं होतं उद्या. उद्या सकाळी अकराला, चिरनेरला, तिच्याच माहेरच्या अंगणात.

पोरगी पूर्वीची. पूर्वी म्हणजे विनिताच्या भावाची, बळीरामची लेक, बाळंतपणाला आईकडे आलेली. दिवाळीत तिनं फोनवर लाजत बातमी सांगितली तेव्हाच विनितानं जाहीर करून टाकलं होतं – गोधडी आत्याची, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मग लगेच चिरनेरला जाऊन ती आईची चार सुती लुगडी घेऊन आली, धुऊन धुऊन इतकी मऊ झालेली, की तिनं येताना गाडीत पिशवी मांडीवर घेतली आणि चिरनेरपासून रोडपालीच्या घरापर्यंत नुसता हात आत घालून बसली. चार लुगड्यांचे थर, कडेनं सुरुवात, कडेकडेनं धावदोरा घालत आत आत यायचं, एका चौकोनात दुसरा चौकोन, मधोमध पोचलं की गोधडी संपली. मधोमध पोचायला काल दोन ओळी राहिल्या होत्या. फक्त दोन, आणि त्यासुद्धा शेवटच्या चौकोनाच्या, म्हणजे पंजाएवढ्या.

आता विनिताच्या हातून एखादी गोष्ट पुरी होणं म्हणजे काय, हे तिच्या घरच्यांना विचारा. मितेशसाठी, म्हणजे तिच्या मुलासाठी, तो पहिलीत असताना विणायला घेतलेला स्वेटर तो बारावी झाला तरी एका बाहीचाच होता, आणि आता तो पुण्याला नोकरी करतो, तर फोनवर अधूनमधून चौकशी करतो की आई, दुसरा हात आला का. तोरणाचे मणी डब्यात. मातीच्या दिव्यांवर अर्धी नक्षी. घरात ‘विनिताचं काम’ म्हटलं की पुढचं कुणाला सांगावं लागत नाही. आणि गंमत म्हणजे तिला त्याचं फारसं वाईट कधी वाटलं नव्हतं, सुरुवात करण्याचं सुख तिला इतकं आवडायचं, की शेवटाकडे लक्षच जायचं नाही… पण या वर्षी तिनं ठरवलं होतं. सत्तेचाळीस पूर्ण झाली त्या दिवशी तीन गोष्टी कागदावर लिहून तिनं फ्रिजवर लावल्या – गोधडी, हॉलची भिंत, पोहणं – आणि खाली दोनदा अधोरेखित केलं: पूर्ण.

त्यातली भिंत समोरच होती. ओल आलेली म्हणून खरवडली, पुट्टी भरली, प्रायमर मारला, आणि मग खिडकीपासून सुरू केलेला पिवळा रंग बरोबर मध्यावर येऊन थांबला, कारण तेव्हा गोधडीला वेग आला होता. तीन आठवडे सोफा हॉलच्या मधोमध होता. प्रभाकर, तिचा नवरा, चहाचा कप घेऊन त्याला वळसा घालून जाताना रोज न चुकता म्हणायचा, “चला, प्रदक्षिणा झाली.”

आज मात्र त्यानं तिचा चेहरा बघितला आणि थांबला.

“काय झालं?”

तिनं सुई दाखवली.

प्रभाकर बंदरात नोकरीला, कंटेनरमधला माल मोजण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे त्यानं सुई हातात घेतली, वाकून सोफ्याखाली बघितलं, टॉर्च आणला, आणि दहा मिनिटांनी म्हणाला, “इथे नाही.” मग विचार करून म्हणाला, “लोहचुंबक.”

फ्रिजवर एकच होतं, मालवणहून आणलेलं काजूच्या आकाराचं, तिची यादी धरून ठेवणारं. ते काढल्याबरोबर यादी सुळकन फ्रिजखाली गेली, आणि ती काढायला वाकायचं सोडून दोघं गोधडीवर काजू फिरवत बसले, वाफ्यात पाणी सोडावं तसे एका कडेनं, सावकाश. चुंबकाला एक केसाचा आकडा लागला. तो गोधडीत नव्हता, शेजारी सोफ्याच्या फटीत होता.

“नाहीच आहे ह्यात,” प्रभाकर म्हणाला. “घेऊन जा बिनधास्त.”

“काजूला तरी धड जोर आहे का? यादी कशीबशी धरतो तो. चार थरांतून काय ओढणार.”

तिनं चिरनेरला आईला फोन लावून सुईचं सांगितलं.

ठमाबाईंना, म्हणजे तिच्या आईला, फोन कानाला न लावता तोंडासमोर धरायची सवय होती, त्यामुळे तिचं बोलणं ओट्यावर उभी असल्यासारखं मोठ्यानं आलं. “उठताना सुया मोजल्यास नाय ना?”

नाही मोजल्या. आणि हे ऐकताच विनिताला पडवी दिसली – चौघी बायका गोधडीच्या चार कोपऱ्यांना, आईच्या गुडघ्यावर दोऱ्याची गुंडी, आणि काम थांबवून उठायच्या आधी आई म्हणायची, ‘सुय दाखवा’, आणि चौघीजणी आपापली सुई डोक्याच्या वर धरायच्या, उन्हात चार ठिणग्या, आणि छोटी विनिता नसलेली सुई हातात धरल्यासारखी करून पाचवा हात वर करायची… मी कशी विसरले ते. मी एकटी शिवत होते म्हणून. एकटीनं कुणाला सुई दाखवायची?

“आई, पण ती गोधडीतच असेल असं नाही. दुसरीकडे कुठे तुटली असेल.”

“असल. मंग उसव.”

“सगळी?”

“पोरीच्या आंगाखाली सुय हाय का नाय हाय, त्याला मनाला इचारून काय उपेग? हातानं बघावा लागतं. आमी काय नाय बोलणार, तू गोधडी नाय आणलीस तरी. पूर्वीला मी सांगते.”

“नको, थांब. सांगू नकोस इतक्यात.”

तिनं फोन ठेवला आणि गोधडीकडे न बघता पोहण्याची पिशवी उचलली, कारण अकराची महिलांची बॅच होती आणि घरात बसून त्या निळ्या चौकोनांकडे बघत राहणं तिला अजिबात शक्य नव्हतं. सहा महिन्यांचं काम. आणि लोक काय म्हणतील – लोक म्हणजे बळीराम, मितेश, सगळे – ते ह्या वेळी हसणारसुद्धा नाहीत, समजुतीनं मान डोलावतील, हे त्याहून वाईट.

तरणतलावात ती गेल्या दीड महिन्यापासून येत होती आणि कठड्याला धरून पाय मारण्यात आता तिचा हात कुणी धरू शकलं नसतं. खाडीकडे वडिलांची मिठागरं, सगळं लहानपण खाऱ्या पाण्याच्या काठानं गेलेलं, पण पाणी घोट्याच्या वर कधी आलं नाही, कारण पोरींनी खाडीत उतरायचं नसतं, भाऊ उतरायचे आणि ह्यांनी त्यांचे कपडे सांभाळायचे. बळीराम पाण्यातून हात हलवायचा. तिला वाटायचं, पाठीवर पडून आभाळ बघताना कान पाण्यात बुडले की काय ऐकू येत असेल. एवढंच बघायचं होतं तिला, शर्यती मारायच्या नव्हत्या.

सत्यवतीबाई शिकवायला होत्या, उरणच्या कोळ्यांच्या, पन्नाशीच्या, आवाज असा की पलीकडच्या इमारतीतल्या बायकाही पाय मारायला लागाव्यात. त्या काठावरून चालत आल्या आणि विनिताच्या बोटांकडे बघत उभ्या राहिल्या.

“विनिताताई, हा कठडा घरी न्यायचाय का?”

“नाही मॅडम.”

“मग सोडा की. आज पाठीवर. मी हात देते मानेखाली.”

ती पाठीवर पडली. मानेखाली हात होता – मग होता की नव्हता ते कळेना – कान बुडले आणि सगळी बॅच, शिट्टी, सत्यवतीबाई, सगळं एकदम लांब गेलं, आणि ऐकू आला तो नुसता तिचा स्वतःचा श्वास, घरात कुणी शेजारच्या खोलीत झोपलेलं असावं तसा. वर स्वच्छ आभाळ. हे असं असतं होय, बळीराम, आणि तू कधी सांगितलं नाहीस. डोळ्यांसमोर ते निळं, आणि निळ्यातून आईचं निळं लुगडं, आणि लुगड्यावरून दोरा, आणि दोऱ्यावरून… कट्.

दूध. काल संध्याकाळी दूध उतू गेलं होतं. ती गोधडीवरून उठली होती, हातात सुई होती, नुकताच नवा दोरा ओवलेली, दुधानं बर्नरची भोकं बुजली, आणि तिनं – हो, हो – तिनं त्याच सुईनं एक भोक टोकरलं होतं, आणि कट् असा बारीक आवाज आला होता, आणि त्याच क्षणी दारावर बेल वाजली होती, कुरिअरवाला, पोहण्याचा चष्मा, आणि ती तशीच…

तिच्या नाकातोंडात पाणी गेलं. सत्यवतीबाईंनी उचलून उभं केलं. “चांगल्या तरंगत होतात की. मी हात कधीच काढला होता.” विनिता खोकत होती, हसत होती, आणि ‘बर्नरमध्ये आहे’ असं काहीतरी म्हणत होती.

रिक्षात बसल्यावर मात्र मनात किडा वळवळायला लागला. मन मोठं लबाड असतं, त्याला जे हवं ते ते बरोबर आणून हातात ठेवतं. बर्नर टोकरला हे खरं. पण सुईनं, की पिनेनं? कट् आवाज आला, की गॅसचं बटण? आणि चष्मा काल आला की परवा? जितकं तिनं नीट आठवायला जावं तितकं ते चित्र स्वच्छ होत होतं, आणि तेच तर संशयास्पद होतं. ठीक आहे, ती स्वतःशी म्हणाली, घरी जाऊ, बर्नर उघडू, बघू. पुरावा असला की झालं.

दारातच साबणाचा वास आला. प्रभाकर स्वयंपाकघरात, बाह्या दुमडून, समोर शेगडी नुकतीच आरशासारखी पुसलेली, बर्नर उन्हात ओळीनं वाळत. “म्हटलं, तू टेन्शनमध्ये आहेस,” तो खूश होऊन म्हणाला. “भोकं पार बुजली होती. तारेच्या घासणीनं एक एक साफ केलं. गरम पाणी, सोडा, सगळं.”

“आणि पाणी?”

“मोरीत. का?”

ती बर्नर उचलून उन्हात धरून बघत राहिली. प्रत्येक भोकातून पलीकडची खिडकी दिसत होती. तिला रडू यावं की हसू यावं हे ठरायच्या आत हसू आलं, आणि ते थांबेना, आणि प्रभाकरला काही कळेना तरी तोही हसायला लागला, आणि तिनं त्याला दूध, सुई, बेल, पाण्यातलं आभाळ, सगळं उलटसुलट सांगितलं.

“म्हणजे सुटलो,” तो म्हणाला. “बर्नरमध्येच होती. तुला आठवलंय ना?”

“आठवलंय.”

“मग?”

मग काय. नव्वद टक्के तिथेच होती. तिला हवं असतं तर पंचाण्णव. दोन ओळी राहिल्या होत्या, तासाभराचं काम, उद्या सगळ्यांसमोर घडी उलगडून पूर्वीच्या मांडीवर ठेवायची, आणि विनितानं एक काम पुरं केलं हे आयुष्यात एकदा तरी चिरनेरच्या अंगणात सिद्ध व्हायचं… आणि मग ती पोरगी त्याच्यावर झोपली, की रोज रात्री इथे रोडपालीत आपण उरलेल्या पाच टक्क्यांवर झोपायचं. तिनं बारकी कात्री घेतली, सोफ्यावर बसली आणि मधल्या चौकोनाचा पहिला टाका कापला.

“अगं पण बारसं?”

“उघडीच नेईन. चार कोपऱ्यांना चौघी बसतील. बारशाला बाया काय कमी असतात? आई सुया दाखवायला लावेल सगळ्यांना.” हे बोलल्यावर तिला कळलं, की हे तिनं आत्ताच ठरवलं, आणि ते तिला आवडलंय.

दोरा ओढत ती मधून बाहेर जायला लागली. प्रत्येक ओळ सुटली की तिच्या जागी भोकांची रांग उरायची, आणि त्या भोकांवर बोट फिरवून ती थरांमध्ये चाचपायची – काही नाही – आणि पुढची. कालचे टाके घाईचे, लांब लांब. गेल्या आठवड्यातले बरे. मग एका बाजूला पिवळ्या रंगाचा बोटाचा ठसा, भिंतीवरून थेट आलेला. मग एक ओळ अशी वाकडी की बघून तिलाच नवल वाटलं, आणि मग आठवलं, त्या दिवशी तलावात पहिल्यांदा उतरली होती आणि संध्याकाळभर हात थरथरत होते. ही ओळ संक्रांतीची, दोऱ्याला तिळाचा चिकटपणा होता. ही मितेश आला होता त्या दिवशीची, अगदी सरळ, तो गप्पा मारत होता आणि ती खाली न बघता शिवत होती. एवढं सगळं आपण केलं होतं ह्या सहा महिन्यांत, हे तिनं गोधडी शिवताना एकदाही वाचलं नव्हतं. यादी अजून फ्रिजखालीच होती आणि तिला ती काढायची आठवणही झाली नाही.

प्रभाकर समोर बसला, लुगड्याचं दुसरं टोक ताणून धरून. ऊन भिंतीच्या पिवळ्या अर्ध्यावरून पांढऱ्या अर्ध्यावर सरकत होतं.

“सापडलं का काही?” त्यानं विचारलं.

“नाही अजून,” ती म्हणाली, आणि पुढच्या ओळीखाली बोट घालताना तिच्या मनात आलं, की सापडलीच ती, तर निदान दिवाळीपर्यंत, पार कडेच्या पहिल्या ओळीपर्यंत, पोचल्यावर सापडू दे.