झाकणावरची फुली

चूक कुणाची हे ठरवायला मला कधी वेळ लागत नाही. ती समोरच्याची असते. लातुरात गंजगोलाईच्या गोल बाजाराजवळ माझं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाइकानं मोडकी काडी आणून 'आपोआप तुटली हो' म्हटलं, की 'तुम्ही यावर बसला होतात' असं मी त्याच्या तोंडावर सांगतो. बहुतेक वेळा तो खरंच बसलेला असतो, त्यामुळे माझी खोड वाढत गेली. माझी बायको वर्षाराणी म्हणते, तुम्ही न्यायाधीश झाला नाहीत हे लोकांचं नशीब.

या खोडीला तीस वर्षं पुरून उरलेला माणूस एकच, ताहेर. तो औशाचा. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो आणि त्याच्या मामाच्या कॅमेऱ्यावर दोघंही फोटो काढायला शिकलो. आता तो किनवटच्या पुढे, जंगलाकडच्या एका मुलींच्या निवासी शाळेत अकरा वर्षं शिकवतोय. आमच्या वयाच्या माणसांना एकमेकांना फोन करून बोलण्यासारखं फार नसतं. आम्हाला रोल होते.

म्हणजे असं, की ताहेर किनवटला कॅमेऱ्यात रोल घालायचा, छत्तीस फोटो काढायचा, आणि तोच रोल मला कुरिअरनं पाठवायचा. मी तो माझ्या कॅमेऱ्यात घालून त्याच फोटोंवर लातूरचे छत्तीस फोटो काढायचो. मग धुवायचा. काय कशावर बसलंय हे तोवर दोघांनाही ठाऊक नसायचं. न्हाणीघरात लाल दिवा लावून मी कागद रसायनात हलवत उभा राहायचो आणि कागदावर हळूहळू सागाची झाडं उगवायची, त्या झाडांमधून आमच्या गल्लीतला रसवंतीवाला ऊस घालत असायचा. एकदा किनवटच्या रेल्वेरुळावर उभ्या असलेल्या म्हशीच्या पाठीवर गंजगोलाई आली. त्या रात्री मी एकटाच हसत बसलो होतो. प्रत्येक फोटोच्या दोन प्रती काढायच्या, एक माझी, एक त्याची. त्याची प्रत शाळेच्या फळ्यावर लागायची आणि पोरी भांडायच्या, यातलं लातूर कुठलं आणि आपलं कुठलं. लोक विचारायचे, मोबाईल असताना हे उद्योग कशाला? मी त्यांना उत्तर देत नसे. वीस दिवस वाट बघण्यात काय सुख आहे हे ज्याला सांगावं लागतं, त्याला सांगूनही कळत नाही.

यात एकच नियम होता. रोलचं पुढचं टोक, ज्याला आम्ही शेपटी म्हणायचो, ते बाहेर असेल तर 'माझं झालं, आता तू यावर काढ'. शेपटी पूर्ण आत गेलेली असेल तर 'यावर काही काढू नकोस, फक्त धुऊन दे'. दहा वर्षं हा नियम चालला. तो मोडला मी.

फेब्रुवारीत ताहेरनं त्याच्या पुतणीच्या, मलिकाच्या, लग्नाचा रोल पाठवला. अर्थात शेपटी आत. असा रोल अंधारात, बाटल्या उघडायच्या चावीनं फोडून उघडावा लागतो. माझा अंगठा कापला. मी ताबडतोब त्याला फोन लावला आणि नेहमीप्रमाणे झाडलं.

"पुढच्या बारीला धुवायचा रोल असला तरी शेपटी बाहेर ठेव. तुझं काय जातंय? हितं माझा हात फाटून राहिला."

"मग तुला कळंल कसं, कुठला धुवायचा अन् कुठल्यावर काढायचं?"

"डबीच्या झाकणावर फुली मार. फुली दिसली की मी हात लावत न्हाई. एवढं तर मला कळतंय."

"बरं बाबा," तो म्हणाला.

एप्रिलच्या शेवटी रोल आला. ताहेरच्या पद्धतीप्रमाणे जुन्या मोज्यात गुंडाळलेला. दुकानात गर्दी होती. मी एका हातानं डबी उघडली, झाकण गल्ल्यावर पडलं की खाली, पाहिलं नाही. रोल तळहातावर घेतला. शेपटी बाहेर. मनात पहिला विचार आला तो असा, की बघा, शेवटी या माणसाला आपल्याशी खेळायला वेळ मिळाला. महिनाभर त्यानं काही पाठवलं नव्हतं आणि मी रुसून बसलो होतो. त्याच संध्याकाळी मी कॅमेरा घेऊन बाहेर पडलो. बसस्टँड, पाट्या, चष्म्यांच्या फ्रेमा लावलेली भिंत, शेंगदाण्याचे गाडे, जे दिसेल ते काढलं. फार दिवसांनी इतकी मजा आली.

रविवारी रोल धुतला. ओली फिल्म उजेडाकडे धरली तर प्रत्येक चौकटीत बायका-पोरी. ताहेर माणसं फार काढत नाही, म्हणून मी खूश झालो आणि फोन लावला.

"गड्या, या खेपेला पोरी कशा काय काढल्यास? वर आमची बसगाडी मस्त बसली बघ."

त्यानं मला मधेच तोडलं.

"तू त्याच्यावर काढलास?" ताहेरनं विचारलं.

मग त्यानं सांगितलं. त्यांच्या वसतिगृहाची स्वयंपाकीण, चतुराबाई, बावीस वर्षांनी काम सोडून भावाच्या गावी निघाली होती. तिला मूलबाळ नाही. तिनं ताहेरकडे एकच मागितलं होतं, फळ्यावर लावता तसा, हातात धरता येईल असा एक फोटो, माझ्या पोरींबरोबर. ताहेरनं एक काय, अख्खा रोल काढला होता. चुलीपुढे, विहिरीपाशी, जेवणाच्या पंगतीत, आणि शेवटच्या वर्गाच्या सगळ्या पोरींसोबत. दुसऱ्या दिवसापासून सुट्टी लागली. शेवटच्या वर्गाच्या पोरी आपापल्या पाड्यांवर गेल्या, त्या आता परत येणार नव्हत्या.

चूक माझ्याकडे यायला लागली की मी जे करतो तेच केलं.

"शेपटी बाहेर होती," मी म्हणालो. "शेपटी बाहेर असल्यावर मी काय समजायचं? अन् मोबाईलवर एक तरी काढून ठेवायचा हुतास."

"तुझ्यावर भरवसा होता ना," तो म्हणाला. "बरं. माझीच चूक असंल."

त्या रात्री वर्षाराणीनं दुकानातून आणलेली माझी पिशवी रिकामी केली आणि तळातून काळं झाकण काढून माझ्यापुढे धरलं. "हे टाकून देऊ का?" झाकणावर पांढऱ्या खडूनं फुली होती. पुसली जाईल म्हणून त्यानं वर चिकटपट्टीही लावली होती, मास्तरच तो. मी झाकण हातात घेऊन बसलो. वर्षाराणीला रोलची भानगड माहीत होती. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "फोन करा त्यांना."

"उद्या करतो," मी म्हणालो.

उद्या केला नाही. परवाही केला नाही. पहिल्या दिवशी लाज वाटत होती, आठव्या दिवशी आठ दिवस का बोललो नाही याची लाज वाटायला लागली. फोन व्हायचे, पण कामापुरते. छत्तीस चौकटींतून काही वाचतंय का ते मी दर रात्री बघत होतो. कुठे पोरींच्या तोंडांवर चष्म्याच्या फ्रेमा ओळीनं बसल्या होत्या, कुठे चतुराबाईच्या कपाळावर बसचा नंबर. एका चौकटीत, बसच्या सावलीत माझ्या फोटोतलं काहीच आलं नसल्यामुळे, तिचा अर्धा चेहरा आणि दोन पोरींचे हात तेवढे स्वच्छ उमटले होते. तोच मी जमेल तेवढा मोठा काढला आणि मे महिन्यात तिच्या निरोपाच्या दिवशी घेऊन निघालो. नांदेडपर्यंत एसटी, पुढे रेल्वे. वाटेत ठरवलं होतं, पोचल्या पोचल्या सांगायचं.

शाळेच्या व्हरांड्यात आठ-दहा माणसं होती. मुख्याध्यापिकेनं चतुराबाईला साडी आणि नारळ दिला. शिऱ्याच्या बशा फिरल्या, तो शिराही तिनंच केला होता. मग ताहेरनं मला पुढे केलं. चतुराबाईनं हात पदराला पुसले आणि फोटो दोन्ही हातांनी घेतला. तिनं तो आडवा धरला, उभा धरला, डोळ्यांजवळ नेला.

"ही मोटार कुठली?" तिनं विचारलं. "अन् पोरी कुठं हायत?"

तेव्हा बोलायला हवं होतं. शिऱ्याचा घास तोंडात होता आणि मी तो चावत राहिलो. हे लिहितानाही मला स्वतःची किळस येते.

"मावशी, चूक माझी झाली," ताहेर म्हणाला. "मी रोल नीट पाठवला न्हाई. यांचा काही दोष न्हाई."

चतुराबाईनं त्याच्याकडे पाहिलं. अकरा वर्षं या माणसाला तिनं दोन वेळचं वाढलं होतं.

"एकच मागितलं हुतं, सर," ती म्हणाली. एवढंच. फोटो तिनं नव्या साडीच्या घडीत ठेवला, जीपमध्ये बसली आणि गेली.

ताहेर मला स्टेशनवर सोडायला निघाला. अर्ध्या रस्त्यात मी एकदम सगळं ओकलो, झाकण, फुली, चिकटपट्टी, सगळं.

"मला माहीत हाय," ताहेर म्हणाला. "फुली मीच मारली ना."

"मग बोलला का न्हाईस?"

"तू बोलशील म्हणून. तीन आठवडे वाट बघून राहिलो. आज ती समोर बसली होती, म्हटलं आता तरी बोलशील."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो, ते मला जमतं. मी म्हणालो, "चल, आत्ता तिच्याकडं जाऊ. तुझ्यासमोर सांगतो तिला."

"मी न्हाई येत. मी आलो तर तिला वाटंल, सरांनी आपल्या जागी बोलायला माणूस आणला. सांगायचं असंल तर एकटा जा. अन् ऐक, माझ्यासाठी जाऊ नको."

रात्र ताहेरकडेच काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच तिच्या भावाच्या गावी गेलो. काळीपिवळी जीप, मग पायी. चतुराबाई भावाच्या अंगणात तांदूळ निवडत होती. मला पाहून तिनं पाणी आणलं, बाज झटकली. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं, बाई, चूक सरांची नाही, माझी आहे. त्यांनी झाकणावर फुली मारली होती, ती मी पाहिली नाही. आणि नंतर पाहिली तरी गप्प बसलो. काल तुमच्यासमोरसुद्धा गप्प बसलो.

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"सरांनी पाठवलं व्हय तुमाला?"

"न्हाई बाई. मी माझ्या मनानं आलोय. खरं सांगतोय."

"लांबून आलाव की हो. लातूरचे ना?" ती हसली. "सर बी तसलेच. पोरीच्या हातून भांडं फुटलं की म्हणायचे, मावशी, माझाच धक्का लागला. मला कळत नव्हतं व्हय? दोस्तबी त्येनला त्येंच्यासारखाच भेटला."

मी पुन्हा सांगितलं. आवाज चढवून सांगितलं. अंगठ्यावरचा वण दाखवला, शेपटीचं समजावलं, फुलीचं समजावलं. माझ्या दुकानात खोटं बोलणाऱ्या गिऱ्हाइकाकडे मी जसा बघतो तशी ती माझ्याकडे बघत होती, पण मायेनं. रडू यायला लागलं होतं मला. तिला वाटलं असणार, किती जीव आहे याचा मित्रावर.

"बसा, भाकर खाऊन जा," ती म्हणाली. "माझा राग न्हाई म्हणावं सरांवर. रागावून काय करू, पोरी काय परत येणारेत? पर त्येनला एवढं सांगा. आमच्यासारख्याचं काम अंगावर घेतलं, तर नीट करावं."

मी भाकरी खाल्ली. तिनं वाटेसाठी लोणच्याची पुडीही बांधून दिली, निम्मं सरांना द्या म्हणाली.

जीप डांबरी रस्त्याला लागली आणि मोबाईलला रेंज आली तसा ताहेरचा फोन आला.

"सांगितलंस?"

"हाव," मी म्हणालो. "सगळं सांगितलं."

"हां," तो म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज मोकळा वाटला. "मग? काय म्हणाली मावशी?"