पिवळं पाणी

उत्तम गाडीतून उतरला तो पांढरेशुभ्र बूट घालून. ते बूट बघूनच मालननं ओळखलं, की हा माणूस भट्टीपाशी आठवडाभरसुद्धा टिकायचा नाही. तेजाबाचा एक थेंब उडाला की बुटाची चाळण होते एवढं ज्याला ठाऊक नाही, तो म्हणे त्रिचूरचं गलाईचं दुकान सांभाळायला आलाय.

मालनचा नवरा शहाजी जाऊन चार महिने झाले होते. सराफी गल्लीच्या मागच्या बोळात त्याचं दुकान सव्वीस वर्षं चाललं. तुटके दागिने, मोड, सोनारांच्या कानशीखालचा चुरा, जे येईल ते गाळायचं, त्यातली तांबं-चांदी काढून टाकायची आणि शुद्ध सोन्याची लगड हातानं ओतून द्यायची. विट्याकडच्या त्यांच्या हिवरवाडीतली निम्मी घरं याच धंद्यावर उभी होती. शहाजी गेल्यावर सासूनं फोनवरून फर्मान काढलं, की बाईमाणूस भट्टीवर शोभत नाही, धाकट्या उत्तमला पाठवतेय. त्रिचुरातल्या मराठी गलाईवाल्यांच्या मंडळाचे अध्यक्ष जगन्नाथआबा यांनीही मान डोलावली. मालनला कुणी विचारलं नाही.

विचारलं असतं तरी तिनं खरं सांगितलं असतं का, कोण जाणे. नऊ वर्षांपूर्वी शहाजीच्या हातांना कंप सुटला. तापलेली मूस सांडशीतून निसटली आणि रस फरशीवर सांडला, त्या दिवसापासून पडद्यामागं भट्टी मालनच चालवत होती. शहाजी पुढं गादीवर बसायचा. गिऱ्हाईक आलं की "बसा, आत्ता ओतून आणतो" म्हणून आत यायचा, स्टुलावर पाच मिनिटं टेकायचा आणि मालननं ओतलेली लगड घेऊन बाहेर जायचा. मंडळानं सोन्याच्या हाताचा कारागीर म्हणून त्याला शाल दिली. ती पांघरून तो घरी आला तेव्हा तिला वाटलं होतं, आज तरी हा काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "शाल पाण्यात घालू नको बरं का. नुसती झटक." त्या शालीसकट त्याचा फोटो आता गादीच्या वर लावला होता. मालन रोज त्याला हार घालायची आणि हार घालताना रोज तिच्या मनात यायचं, काय बसलास रे ऐटीत.

उत्तम आला तो थेट गादीवर बसला. वीस वर्षांपूर्वी तो कानपूरला मामाच्या दुकानात सहा महिने होता. तिथून पळून गावी आला आणि पुढची सगळी वर्षं त्यानं पंचायतीच्या निवडणुकांत कुणाकुणाच्या मागं फिरण्यात घालवली. पण बोलायला बसला की वाटावं, कानपूरचं सगळं सोनं यानंच गाळलंय.

"वैनी, ह्यात अवघड काय हाय? आमी कानपुरात डोळं झाकून सोनं काढायचो."

"म्हनूनच मामानं हाकललं वाटतं," मालन म्हणाली. "इथं मातूर डोळं उघडं ठिव. तेजाब डोळ्यात उडतं."

"तू लई टोचून बोलतीस बग."

"तू टोचून घ्यायला मोकळाच बसलायस की."

तीन दिवस त्यानं गादीवर बसून फोन लावले, येणाऱ्या-जाणाऱ्याला हिंदीत उपदेश केला आणि चहा मागवला. न्याहारीचा पुट्टू आवडत नाही, भात जाडा आहे, भाजीला खोबरेल तेलाचा वास येतो, हेही तो रोज सांगायचा. आपल्याला एवढं तुच्छ वाटणारं माणूस घरात जेवतंय याचं मालनलाच नवल वाटायचं. ती त्याला वाढायची मात्र पोटभर. उपाशी ठेवलं म्हणून सासूला फोन गेला असता.

बुधवारी लोनप्पन आला. चर्चजवळ त्याचं छोटं दुकान होतं. त्यानं चाळीस पवन, म्हणजे तीनशेवीस ग्रॅम मोड आणली होती, तुटक्या साखळ्या, वाकलेल्या बांगड्या आणि एक जुनी कानातली जोडी. गादीवरच्या उत्तमकडं त्यानं एकदा बघितलं आणि पुडी सरळ पडद्याआड नेऊन मालनच्या हातात दिली.

"चेची, उद्या दुपारी मिळेल ना?" त्यानं मल्याळममध्ये विचारलं. इथले सोनार तिला चेची, म्हणजे ताई म्हणायचे.

"मिळेल," मालन म्हणाली.

उत्तमला ते झोंबलं. त्यानं लगोलग जगन्नाथआबांना फोन लावला. "आबा, उद्या बाराला या. चाळीस पवनाची लगड माज्या हातानं ओतून दावतो. येताना मंडळातली आणखी दोघं आना." मालन मागं उभी राहून ऐकत होती.

गुरुवारी पहाटेपासून तिनं काम धरलं. मोड वितळवून तिचे दाणे पाडले, ते मोठ्या काचेच्या भांड्यात घातले आणि वर दोन्ही तेजाबं मिसळून ओतली, शोऱ्याचं आणि मिठाचं. लाल वाफा निघून गेल्यावर सगळं सोनं पाण्यात विरघळलं. पाणी पिवळंजर्द झालं आणि चांदीचा पांढरा साका तेवढा तळाशी बसला. आता त्या पाण्यात हिराकस घातलं की सोनं तपकिरी भुकटी होऊन खाली उतरणार होतं. पण डबा उघडला तर हिराकस संपत आलेलं.

"मी हिराकस घिऊन येते," ती उत्तमला म्हणाली. "भांड्याला हात लावू नको."

"लहान हाय का मी?"

ती तासाभरानं परत आली तेव्हा काचेचं भांडं धुऊन पालथं घातलेलं होतं. उत्तम भट्टीपुढं उकिडवा बसला होता आणि लोखंडी तव्यावर तो पांढरा साका वाळवत होता. बूट त्यानं दाराबाहेर काढून ठेवले होते, एवढी अक्कल तरी आली होती.

"ह्ये बग," तो म्हणाला. "तुजी वाट बघत बसलो असतो तर बारा वाजलं असतं. सोनं तळाला बसलंच होतं. वरचं पानी काढलं, आता मुशीत घालतो."

मालनला क्षणात सगळं कळलं. कानपूरला त्या काळी नुसत्या शोऱ्याच्या तेजाबात काम चालायचं. त्यात चांदी-तांबं विरघळतं, सोनं तळाला राहतं आणि वरचं पाणी बाजूला काढतात. या शहाण्यानं तेच इथं केलं होतं. चांदी जपून ठेवली होती आणि सोनं ओतून दिलं होतं.

तिनं मागच्या दाराबाहेर बघितलं. वापरलेल्या तेजाबाचं निळं पिंप तिथं होतं. पाणी गटारात सोडायला बंदी होती, म्हणून सगळे ते पिंपात साठवत आणि शनिवारी गाडीवाला घेऊन जाई. झाकणावर पिवळे ओघळ होते. म्हणजे पिंपातच गेलंय. तिचा जीव भांड्यात पडला. सोनं कुठं जात नाही, ती मनात म्हणाली, आणि हाही आता कुठं जात नाही.

तिनं त्याला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "वितळव की मग."

उत्तमनं साका मुशीत भरला, मळ ओढणारी सवागी टाकली आणि भट्टीचा पंखा सोडला. पांढरा धूर निघाला. तो खोकला, त्यानं पुन्हा आच वाढवली, पुन्हा खोकला. बाराला मूस उपडी केली तेव्हा साच्यात शिंगाच्या तुकड्यासारखं काहीतरी मळकट पडलं. सोन्याचा पिवळा कण त्यात कुठं नव्हता. त्यानं ते चिमट्यानं उलटंपालटं केलं. त्याच्या कपाळावरून घामाची धार लागली. नेमके त्याच वेळी जगन्नाथआबा दोन माणसांना घेऊन आत आले आणि त्यांच्या मागोमाग लोनप्पन.

"काय उत्तमराव, झाली का लगड?" आबांनी विचारलं.

उत्तमनं साच्याकडं बघितलं, मालनकडं बघितलं आणि उभा राहिला.

"आबा, आता काय सांगू? वैनीनं सकाळीच कायतरी घोटाळा केलाय. मालात सोनंच न्हवतं. न्हाईतर काडून ठेवलं आसंल. घरातलं मानूस हाय, मला बोलवत न्हाई."

लोनप्पनला मराठी कळत नव्हती, पण साच्यातला तो तुकडा त्याला दिसत होता. आबांनी घसा साफ केला. "मालन, बाई, खरं काय ते सांग. शहाजीच्या नावाला बट्टा लागंल असं काय नको."

शहाजीचं नाव. मालनला हसू यायचंच बाकी होतं.

"माझं ऱ्हाऊ द्या, आबा," ती म्हणाली. "उत्तमभावजींना विचारा. त्यांनी कसं केलं ते त्यांच्याच तोंडानं ऐका. तुमी समदी गलाईवालीच हायसा."

"सांगतो की," उत्तम छाती काढून म्हणाला. "लपवायचं काय? भांड्यात तळाला पांढरा गाळ बसला हुता. वरचं पानी मी काढून टाकलं."

"कसलं पानी हुतं?" मालननं विचारलं.

"कसलं म्हंजे? पिवळं. हळदीवानी पिवळं. समदं पिंपात ओतलं आन् भांडं सोच्च धुतलं."

आबांच्या मागं उभा असलेला माणूस आधी हसला. त्यानं तोंडावर रुमाल धरला, पण खांदे हलत राहिले. मग दुसरा हसला. आबांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, तो जमला नाही आणि त्यांना ठसका लागला. उत्तम एकेकाच्या तोंडाकडं बघत होता.

"का? काय झालं?"

"काय न्हाई," आबा डोळे पुसत म्हणाले. "चाळीस पवन ओतून दिलंस आन् वर भांडं बी धुतलंस. मामानं तुला सहा म्हैनं कसं ठिवून घेतलं रं?"

उत्तमचा चेहरा त्या साच्यातल्या तुकड्यासारखाच झाला. मालननं एक पांढरी बशी आणली, पिंपातल्या पाण्याचा थेंब तिच्यावर टाकला आणि हिराकसाचा खडा त्याला लावला. थेंबाच्या कडेनं तपकिरी रंग चढला. बशी तिनं लोनप्पनपुढं धरली. तो सोनार होता, त्याला मराठी कळायची गरज नव्हती. त्यानं नुसती मान हलवली आणि स्टुलावर बसून घेतलं.

पिंपात आधी तेजाबाचा जोर मारायला युरिया घालावा लागला, मग सोनं खाली उतरवायला हिराकस. मालननं लांब काठी उत्तमच्या हातात दिली. "फिरव."

"मी?"

"मग काय आबांनी फिरवायची? थांबू नको, न्हाईतर वर तवंग येतो."

तो दोन तास काठी फिरवत होता. वाफेनं त्याचे डोळे चुरचुरत होते. आबा आणि ती माणसं चहा पीत बसली आणि मधूनमधून "हळदीवानी" असं म्हणून पुन्हा हसत राहिली. मालनला त्यांचीही कीव आली. तासापूर्वी हीच माणसं तिच्याकडं चोरटीकडं बघावं तसं बघत होती. एकानंही त्याबद्दल शब्द काढला नाही. 'चुकलोच' असं ती म्हणतील अशी आशा तिनं केलीही नव्हती, पण वरचं पाणी उपसून, तळाची भुकटी धुऊन वाळवताना तिचा हात जरा जोरानं चालत होता.

मग तिनं पडदा बाजूला सारला. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिनं सगळ्यांच्या देखत मूस धरली. साच्याला तेलाचा हात लावला, तो तापवला आणि रस एका धारेत, मध्ये न थांबता ओतला. लगड निवल्यावर पाण्यात टाकली, पुसली आणि काट्यावर ठेवली. दोनशे सत्त्याऐंशी ग्रॅम. मोडीतला सांध्यांचा डाग आणि तांबं वजा धरलं तर तेवढंच यायला हवं होतं.

लोनप्पननं लगड हातात घेऊन उलटी केली आणि कडेवरून अंगठा फिरवला. "बरोबर आहे, चेची," एवढंच म्हणून तो गेला.

आबा उठले. "नशीब म्हनायचं, पिंपात गेलं. गटारात गेलं असतं म्हंजे?"

"नशीब कसलं? पिंप मी ठिवलंय," मालन म्हणाली.

"ते खरं. तरी पन माझं ऐक. पाटीवर उत्तमचं नाव ऱ्हाऊ दे. काम तूच कर, आमची ना न्हाई. पुरुषाचं नाव असलं म्हंजे गिऱ्हाइकाला बरं वाटतं."

मालन सांडशी पुसत होती. तिनं वर बघितलं नाही. "पुरुषाचं नाव नऊ वर्सं लावून बघितलं, आबा. शाल मिळाली त्याला. मला फक्त ती झटकायला मिळाली."

आबांना अर्थ लागायला थोडा वेळ लागला. लागला तेव्हा त्यांची नजर भिंतीवरच्या फोटोकडं गेली आणि तिथून लगेच दाराकडं. चपला घालून ते निघाले. त्यांच्या बरोबरची माणसं हसायची थांबली होती.

उत्तम दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं गेला. जाताना तिनं त्याला चपात्या बांधून दिल्या. पिंपाशी काठी फिरवताना अनवाणी उभा होता, म्हणून त्याच्या पायांवर पिवळे डाग पडले होते. बूट मात्र जसेच्या तसे पांढरे होते.

आठवड्यानं सासूचा फोन आला. आवाज कौतुकानं ओथंबलेला.

"उत्तम सांगत हुता, तुज्या हातनं चाळीस पवन पिंपात गेलं म्हनं. बरं झालं त्यो हुता. दोन तास काठी फिरवून समदं सोनं वर काडलं त्यानं."

सांगून काय उपयोग होता? हिवरवाडीत आता घरोघरी हीच कथा झाली असणार आणि आबांची माणसं गावी गेली तरी त्या कथेला खोटं पाडणार नव्हती.

"व्हय, आत्याबाई," ती म्हणाली. "काठी त्यानंच फिरवली."

फोन ठेवून ती भट्टीकडं गेली.