सदऱ्याला नको, नवऱ्याला हलव

मी एक जुना लाल सदरा आहे. मित्रांनो, सदऱ्याने माणसाच्या अंगावर असावे, एवढीच माझी साधी अपेक्षा होती. पण माझी निम्मी वर्षे फाटकाच्या खांबावर लटकण्यात गेली, आणि तीही एका भुताची वाट बघत. ते एकदाही आले नाही.

माझा जन्म थायलंडमधल्या खोन केनजवळच्या एका खेड्यात झाला. समनियांगने मला नवऱ्यासाठी स्वतःच्या हाताने शिवले. तिचा नवरा बुनलर्त शाळेच्या मुलांची पिकअप गाडी चालवायचा. मला घालून तो गाडीत बसला की पोरे लांबूनच ओळखायची. काय रुबाब होता माझा!

मग एकाच वर्षात आमच्या गल्लीतले दोन धडधाकट पुरुष झोपेतच गेले. लोक म्हणाले, हे विधवा भुताचे काम. तिला नवरा हवा असतो, म्हणून ती झोपलेले पुरुष उचलते, पण दारावरच्या लाल सदऱ्याला भिते. झाले! आठवड्यात गल्लीभर लाल सदरे लागले आणि मीही खांबावर चढलो. पुढे कुणी दगावले नाही, तर सगळे श्रेय आम्हाला. शेजारची खामपाई तर मला हातच जोडायची. मी काय राखण करणार? मला खांबावरचा कावळा हाकलता येत नव्हता.

आमचे घर उंच खांबांवर उभे; त्याखाली टांगलेली झोपायची झोळी मला फाटकावरून दिसायची. दुपारी चिकट भात पोटभर खाऊन बुनलर्त तिच्यात आडवा झाला की असा घोरायचा, की कोंबड्या उठून जायच्या. मग घोरणे एकदम थांबायचे. श्वासही थांबायचा. मी मोजायचो, दहा, वीस, कधी तीससुद्धा. मग गचका देऊन तो पुन्हा श्वास घ्यायचा. हे मी रोज बघत होतो हो! सकाळी त्याचे डोके ठणकायचे, दिवसा डुलक्या यायच्या. त्याचा श्वास ऐकत समनियांग रात्रभर जागी राहायची, तीही वाळत चालली होती.

एकदा शाळा सुटल्यावर त्याला गाडी चालवतानाच डुलकी लागली. सात मुलांसकट गाडी भातखाचरात उतरली. चिखल मऊ होता म्हणून सगळे वाचले. आता तरी हा दवाखान्यात जाईल, असे मला वाटले. पण समनियांगने काय केले? मला खाली काढले आणि पुन्हा लाल रंगात बुडवले!

"रंग उडाला होता ना, म्हणूनच त्या विधवा भुतानं डाव साधला," ती म्हणाली.

आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! त्या बादलीत मला रंगापेक्षा संतापच जास्त चढला.

पुढच्या आठवड्यात गावची आरोग्यसेविका प्रानोम रक्तदाब मोजायला आली. बुनलर्त झोळीत होता. घोरणे थांबले, श्वास थांबला. या वेळी तो लवकर सुरूच होईना. समनियांग किंचाळत धावली. कुणाकडे? माझ्याकडे! मला धरून गदागदा हलवू लागली.

"अगं, सदऱ्याला काय हलवतेस? नवऱ्याला हलव!" प्रानोम ओरडली आणि तिनेच बुनलर्तला जोरात हलवले. तो धडपडत उठला.

"काय झालं? आलं का भूत?"

"भूत कसलं, दादा! झोपेत तुमचा गळा बंद होतोय. रोज रोज असं झालं की रक्तदाब चढतो, हृदय दमतं, पुढे पक्षाघातसुद्धा होतो. आणि ती सात पोरं विसरलात?"

पोरांचे नाव निघताच त्याने खिशात हात घातला. गाडीची किल्ली त्याने स्वतःच समनियांगच्या हातात ठेवली.

दवाखान्यातल्या झोपेच्या तपासणीत कळले, त्याचा श्वास तासाला बेचाळीस वेळा अडत होता. मग नाकावर मुखवटा लावून हवा देणारे यंत्र घरी आले.

"हत्तीची सोंड लावून झोपू का मी?" तो कुरकुरला.

"झोपा. सोंडवाला नवरा चालेल मला. फोटोतला नको."

काही महिन्यांनी डॉक्टर हो म्हणाले, तेव्हाच किल्ली त्याला परत मिळाली. समनियांगलाही आता गाढ झोप लागते. तिने मला खांबावरून उतरवले आणि माझ्या पाठीच्या कापडाची यंत्रासाठी खोळ शिवली. इतक्या वर्षांनी मी पुन्हा त्याच्याजवळ आलो.

हे कळताच खामपाई धावत आली. "बाह्या उरल्यात का गं? दारावर बांधते. आमचे हेही फार घोरतात."

मी कपाळावर हात मारला असता, पण हातच कापलेले! समनियांगने तिला दंडाला धरून खोलीच्या दाराशी आणले. आत बुनलर्त यंत्र लावून दुपारचा झोपला होता.

"ऐक."

"काय ऐकू? काहीच तर ऐकू येत नाही."

"तेच ऐक."

मित्रांनो, घरात कुणाचा श्वास झोपेत अडत असेल, तर त्याच्या घोरण्याला हसू नका आणि भुतालाही बोल लावू नका. दारावर लाल सदरा टांगला असेल, तर तो आधी खाली काढा. अंगात घाला आणि दवाखान्यात जा.