पुठ्ठ्यातला शेवट

इंग्रजी साहित्याच्या सहामाहीचा पेपर हातात पडला आणि माझे कान तापले. मला राग आला की आधी कान तापतात, मग तोंड सुटतं. शेवटच्या मोठ्या प्रश्नाला बाईंनी चक्क भोपळा दिला होता आणि पुढे लाल शाईत लिहिलं होतं, 'पुस्तक न वाचता लिहिलं आहे.' त्या भोपळ्यापायी मी नापास झाले होते.

बाकी कुणी नापास झालं असतं तर पुढच्या परीक्षेला बघू म्हटलं असतं. माझं तसं नव्हतं. विषय निवडायच्या वेळी मी हिशेबाचा विषय घ्यावा असं बाबांना वाटत होतं. बाबा बाइंडर आहेत. आमच्या घराखालच्या खोलीत ते जुनी पुस्तकं उसवून नवी करतात. "जन्मभर पुस्तकं बांधली, पण गोष्टी वाचून कुणाचं पोट भरल्याचं मी पाहिलं नाही," असं त्यांचं म्हणणं. शेवटी आईने मध्ये पडून तोड काढली. सहामाहीपर्यंत साहित्य, नापास झाले तर निमूटपणे हिशेब. मीही मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं होतं.

आता साहित्याच्या बाईंची एक पद्धत आहे. कादंबरी त्या वर्गात शेवटपर्यंत शिकवतच नाहीत. शेवट जवळ आला की पुस्तक मिटतात आणि म्हणतात, "उरलेलं घरी वाचा." आणि परीक्षेत मोठा प्रश्न हटकून त्या उरलेल्यावर येतो. कोण पुस्तक वाचतं आणि कोण गाइडच्या जिवावर उड्या मारतं, ते त्यांना तिथे कळतं. वर्गातली निम्मी मंडळी गाइडवाली. मी मात्र ती कादंबरी दोनदा वाचली होती, डिक्शनरी मांडीवर घेऊन. म्हणून मला ती लाल ओळ जास्त झोंबली.

तास संपल्यावर मी बाईंच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले.

"बाई, मी पुस्तक वाचलंय."

"मग ती बाई दारातून परत जाते असं कुठे वाचलंस?"

कादंबरीतली बाई बापाशी भांडून घर सोडते आणि कितीतरी वर्षांनी परत येते. दाराशी उभी राहते, हात वर करते, आणि तिथे पुस्तक संपतं. ती दार का वाजवत नाही, यावर मी पानंच्या पानं लिहिली होती. तिला फक्त दार बघायचं होतं, आत जायची तिची हिंमत नव्हती, असं माझं मत. मला ते उत्तर फार आवडलं होतं, खोटं कशाला बोलू.

मी दप्तरातून पुस्तक काढून बाईंपुढे आपटलं. आपटायला नको होतं, पण आपटलं. बाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं. शिवण घट्ट, कडा सारख्या, कुठे पान फाटल्याची खूण नाही. मग त्यांनी स्वतःची प्रत उघडून माझ्यापुढे सरकवली. वर केलेल्या हाताच्या पुढे अजून एक अख्खं प्रकरण होतं.

"इतकं नीट बांधलंय की काही गेलंय असं वाटतच नाही," बाई म्हणाल्या. "पण मी मार्क कशाचे देऊ?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. कारण ते पुस्तक बाबांनी बांधलं होतं. रद्दीच्या पोत्यात ते सुटं सुटं आलं होतं, आणि बाबांनी माझ्यासाठी म्हणून ते पानांच्या आकड्यांवरून जुळवून, हिरवं कापड लावून, शिवून दिलं होतं.

घरी जाताना मी रागाने नुसती धुमसत होते. पण खोलीत शिरले तेव्हा बाबा मान खाली घालून कुणाच्या तरी पुस्तकाला खळ लावत होते, आणि माझा अर्धा राग तिथेच विरघळला. उरलेल्या अर्ध्यावर मी बोलले.

"बाबा, मी नापास झाले. तुमच्या पुस्तकात शेवटच नाहीये."

"माझ्या बांधणीत पान सुटत नाही," ते वर न बघता म्हणाले.

"बाईंच्या पुस्तकात आहे. मी पाहिलं."

त्यांनी ब्रश ठेवला, हात पुसले, पुस्तक घेतलं. शेवटचं पान बघितलं, मग मागच्या पुठ्ठ्यावर अंगठा दाबून फिरवला. तिथे अंगठा थांबला आणि त्यांचा चेहरा उतरला. बाबांचा चेहरा असा उतरलेला मी आजीच्या आजारपणानंतर पहिल्यांदा पाहिला.

"चार-पाच पानं उरली होती," ते म्हणाले. "पानांचे आकडे आधीच कुणीतरी कापलेले. मला वाटलं, पोत्यातल्या दुसऱ्या कशाची तरी असतील. कागद जाड होता. पुठ्ठ्याला आतून लावली."

सगळे बाइंडर असंच करतात, टाकाऊ पानं पुठ्ठ्याला अस्तर म्हणून चिकटवतात. बाबांना आकडे वाचता येतात, इंग्रजी ओळ वाचता येत नाही. मला विचारलं असतं तर, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण मी ते गिळलं.

त्यांनी सुरी घेतली आणि स्वतःची बांधणी स्वतः उसवली. ओलं फडकं ठेवून, वाट बघत, एकेक पान सोडवलं. सुटलेलं पान मी वाचत होते आणि त्यांना मराठीत सांगत होते. ती दार वाजवते. उघडायला अनोळखी माणूस येतो. बाप कधीच गेलेला असतो. जाईपर्यंत तो रोज दाराला कडी न लावता झोपायचा, असं तो माणूस तिला सांगतो.

बाबा फडकं पिळत राहिले.

"वाईट वाटलं," ते म्हणाले. "फार वाईट वाटलं."

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर शाळेत आले. माझ्या शाळेत ते कधी येत नाहीत, इंग्रजी बोलणाऱ्या लोकांपुढे त्यांना अवघडल्यासारखं होतं. पुस्तक परत शिवलेलं होतं, पण शेवटची पानं त्यांनी लाल दोऱ्याने शिवली होती, मुद्दाम, दिसतील अशी. दोरा दिसला तर ते बाइंडिंगच नव्हे, असं म्हणणारा हा माणूस.

"चूक माझी आहे," ते बाईंना म्हणाले. "मार्क नका देऊ. पण तिने वाचलं नाही, हे तेवढं खोडा."

बाईंनी भोपळा तसाच ठेवला. लाल ओळ मात्र खोडली, आणि खाली सही केली.

आम्ही बाहेर आलो. कबूल केलं होतं ते केलंच होतं. "मग हिशेबाचा विषय कधीपासून?" मी विचारलं.

"माझ्या हातून चुकलं, ते तू कशाला भरायचं?" बाबा म्हणाले. "साहित्यच राहू दे."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, "तू पेपरात लिहिलं होतंस ना, ती दार का वाजवत नाही ते. ते सांग मला."

"पण ते चुकलंय, बाबा. ती वाजवते."

"असू दे. मी बांधलं होतं त्या पुस्तकात नव्हती वाजवत."

मग मी त्यांना माझं उत्तर सांगायला लागले, अगदी पहिल्या ओळीपासून.